चालत निघालेली पाणपोई

त्या शनिवारी अंगणात मिरच्या भाजणं चाललं होतं. सप्टेंबरात ट्रोयान या डोंगरातल्या गावाच्या कुठल्याही गल्लीत शिरलं की दर घरातून तोच वास येतो, आणि कुणाच्या मिरच्या करपल्या हे चार घरं आधीच कळतं. इव्हेलिना भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत बसली होती. तिचे बाबा, लाचेझार मास्तर, मिरच्यांवर लक्ष ठेवतो म्हणून आलुबुखाराच्या झाडाखाली बसले होते खरे, पण लक्ष सगळं मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये होतं.

"बाबा, धूर येतोय."

"धूर नाही, वाफ आहे. शाळेत शिकवलं होतं मी."

"वाफ काळी नसते."

मास्तर उठले, चिमट्याने मिरची उलटी केली, लेकीकडे अपराधी नजरेने पाहिलं आणि परत येऊन बसले.

"आता तूच सांग. सकाळी मी वरच्या पाणपोईवर जाऊन आलो. तोटीला पाणी आहे, डोणी धड आहे, कोरलेलं नाव वाचता येतं. घरी आलो, तुमच्या नकाशावर ती पाणपोई उघडली, तर हे यंत्र मला म्हणतं, 'साठवण्यासारखा बदल नाही.'"

"बरोबर म्हणतं. तुम्ही काही बदललंच नाही, तर ते साठवणार काय?"

"अगं, बदललं नाही हीच तर बातमी! नकाशावर 'पाणी आहे' असं मी लिहिलं त्याला किती वर्षं झाली. आज वाचणाऱ्याला कसं कळावं, हे पाणी आजचं की तेव्हाचं? ऑगस्टात निम्म्या पाणपोया आटतात. माणूस पोरंबाळं घेऊन वर चढतो आणि कोरड्या तोटीसमोर उभा राहतो."

"मग लिहा की तक्रार."

"लिहिलीय. परत लिहीन. तो तुमचा पोलिश माणूस दर वेळी म्हणतो, 'सूचनेबद्दल आभार.' आभार कसले मानतोस, बाबा, काम कर!"

"बोगुमिल सभ्य माणूस आहे."

"सभ्य माणसं काही करत नाहीत. म्हणून तर त्यांना सभ्य राहता येतं."

कुंपणापलीकडून मितकाकाकूंचं डोकं वर आलं. शेजारीण म्हणून त्या मास्तरांना इव्हेलिनाच्या जन्माआधीपासून ओळखत होत्या, आणि त्यांना बोलायची एकही संधी सोडत नसत.

"मास्तर, मिरच्या जळतायत की लॅपटॉप?"

"दोन्ही, मितका. तू तुझ्या बरण्या उकळ."

संध्याकाळी निघताना इव्हेलिनाने चटणीच्या बरण्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत भरल्या. मास्तर फाटकापर्यंत आले. सोफियाला, राजधानीत परत नेणारी बस चुकेल म्हणून ती घाईत होती. "पोचलीस की फोन कर," ते म्हणाले. "करते," ती म्हणाली. तिने केलाही. दोघं मिनिटभर बोलली, हवेबद्दल.

सोमवारी सकाळी पावाच्या दुकानात रांगेत उभे असताना लाचेझार मास्तर एकाएकी खाली बसले. पुढच्या बाईने त्यांचा हात धरला. ते उठले नाहीत.

*

ज्या नकाशावरून बापलेकीचं भांडण चालायचं तो कुणा कंपनीचा नव्हता. जगभरातली हौशी माणसं मिळून तो काढत होती. कुणी गल्ल्या भरे, कुणी बसथांबे, कुणी नुसती झाडं. त्यात भर घालायचं साधन ब्राउझरमध्येच उघडे. पान उघडायचं, विमानातून घेतलेल्या छायाचित्रावर टिंब ठेवायचं, नाव लिहायचं, साठवायचं. हे साधन घडवणारा एक छोटासा गट होता, आणि इव्हेलिना त्यात फावल्या वेळात काम करायची. पोटापाण्याचा उद्योग वेगळा होता. बाबांना निवृत्तीनंतर काहीतरी छंद हवा, म्हणून तिनेच त्यांना नकाशाची ओळख करून दिली होती. त्यांनी पाणपोया धरल्या.

त्या डोंगरात पाणपोयांना तोटा नाही. कुणाचा भाऊ गेला, कुणाचं मूल गेलं, की त्याच्या नावाने वाटेवर झऱ्याचं पाणी दगडात बांधून घ्यायचं, तोटी बसवायची, खाली गुरांसाठी डोणी करायची. येणारा जाणारा पाणी पितो आणि गेलेल्याला देव क्षमा करो म्हणतो. मास्तरांनी एकेक करून त्या सगळ्या नकाशावर आणल्या. तिथे त्यांनी स्वतःला नाव घेतलं होतं 'पाणक्या'.

पाणक्या गटात प्रसिद्ध होता. त्याच्या तक्रारी लांबलचक असत, यंत्राकडून भाषांतर करून घेतलेल्या, आणि प्रत्येक तक्रारीत क्रमवार कारणमीमांसा असे. दर गुरुवारच्या ऑनलाइन बैठकीत नेझा, जी स्लोव्हेनियाहून या साधनाच्या स्क्रीनची रचना करायची, ती खुर्चीत सावरून बसत म्हणे, "चला, पाणक्याने आज काय शिकवलंय ते वाचा." सगळे हसत. इव्हेलिनाही हसे. पाणक्या कोण हे तिने कधी सांगितलं नाही.

ही अट बाबांचीच होती. शाळेत ती त्यांच्याच वर्गात होती. वर्गात त्यांना सर म्हणायचं, आणि पेपर इतरांपेक्षा कडक तपासला जाणार हे गृहीत धरायचं. ती त्या गटात शिरली तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "तिथे मी तुझा कुणी नाही. मुलीच्या वशिल्याने माझी तक्रार पुढे सरकली तर मला झोप लागायची नाही. माझ्या म्हणण्यात दम असेल तर ते करतील, नसेल तर नको." तिला ते पटलंही होतं. शिवाय खरं सांगायचं तर सोयीचंही होतं.

ती गटाला एवढंच कळवू शकली की घरी दुःख झालंय, काही आठवडे येणार नाही. फुलं आली, तिच्या सोफियाच्या पत्त्यावर, बोगुमिलने सगळ्यांच्या वतीने पाठवलेली. कार्डावर फार काही नव्हतं. तिला ते बरं वाटलं.

*

ती परत रुजू झाली त्या गुरुवारी नव्या आवृत्तीची चर्चा होती. गट चालवणाऱ्या बोगुमिलने नव्या सोयींची यादी पडद्यावर धरली. छायाचित्र कमीजास्त उजळ करता येणार होतं. चुकून पुसलेलं टिंब परत आणता येणार होतं. फोनवरून बोटाने रेघ ओढताना ती हिसडा खाऊन पळणार नव्हती. यादीच्या तळाशी, राखाडी अक्षरांत, 'पाहून आलो, आहे तसंच आहे' असं एक बटण होतं.

"हे राखाडी आहे ते या वेळी वगळायचं," बोगुमिल म्हणाला. "शेवटचं बटण मला आवडतं, पण ते बांधायला बराच वेळ जाईल, आणि ते मागणारा माणूस एकच आहे."

"पाणक्या," नेझा म्हणाली. "आणि तोही गप्प आहे हल्ली. रुसला की काय?"

"दमला असेल आपल्याला."

"छे! तो दमणारा नाही. मला त्याची तक्रार आल्याशिवाय आठवडा संपल्यासारखा वाटत नाही."

इव्हेलिनाने आवाज बंद ठेवला होता. आवाजाच्या बटणावर बोट होतं तिचं. नुसतं बोट दाबून चार शब्द बोलले, की यादीतलं ते बटण राखाडीतून काळ्यात येणार होतं. मेलेल्या माणसाची शेवटची मागणी कोण नाकारतं? पण ते कीव येऊन दिलेले गुण झाले असते, आणि बाबांनी असल्या गुणांवर कुणाला कधी वरच्या वर्गात घातलं नव्हतं.

तिने आवाज चालू केला. "पुढच्या बैठकीपर्यंत थांबता येईल? हे एकाच माणसाला हवंय असं मला वाटत नाही. मी जरा शोधते."

"शोध की," बोगुमिल म्हणाला. "पण त्यानंतर मात्र यादी बंद."

*

मधल्या शनिवारी बाबांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी होता. फाटकावर, विजेच्या खांबावर आणि पावाच्या दुकानाबाहेर त्यांच्या फोटोचे स्मरणाचे कागद नव्याने लागले होते. मितकाकाकूंनी गहू शिजवून, साखर-अक्रोड घालून सगळ्यांना वाटले. कबरीवरून परतताना त्या म्हणाल्या, "वर जायचं का? पाणपोईवर? मास्तर गेल्यापासून कुणी फिरकलं नसेल."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना विचारलं तर ते कुठेच नको म्हणतात. मी विचारतच नाही."

वाट बीच वृक्षांच्या पिवळ्या पानांतून वर गेली. पाणपोई रस्त्याच्या अलीकडे, खडकाला टेकून होती. इलिया नावाच्या भावासाठी त्याच्या बहिणीने बांधलेली; अक्षरांत शेवाळ भरलं होतं. पाणी जोरात वाहत होतं. तिथे पाठीवर पिशव्या घेतलेलं एक जोडपं बाटल्या भरत होतं, रूसे शहराहून आलेलं.

"ही बरी सापडली," नवरा म्हणाला. "नकाशावर बघून आलो आम्ही. नकाशात ही रस्त्यापलीकडे, त्या काटेरी झुडपांत आहे. मी अर्धा तास ओरबाडून घेतलं. शेवटी आवाजाने सापडली. कुणी मूर्खाने टाकलंय ते टिंब!"

"मूर्ख कुणाला म्हणता हो?" मितकाकाकू उसळल्या. "तुम्हाला पाणी मिळालं ना?"

"काकू, काकू," इव्हेलिनाने त्यांचा दंड धरला. "बरोबर बोलतायत ते. टिंब चुकलंय." मग त्या माणसाकडे वळून ती म्हणाली, "मी दुरुस्त करते. माफ करा."

तिला फार वाईट वाटलं. बाबा काहीही चुकतील, पण जागा चुकणार नाहीत. काकूंनी ओंजळ भरून पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि नेहमीचे शब्द म्हटले. "इलियाला देव क्षमा करो." थांबून म्हणाल्या, "आणि मास्तरांनाही. त्या कडक पेपर तपासण्याबद्दल विशेष."

घरी येऊन तिने बाबांच्याच टेबलाशी बसून ती पाणपोई नकाशावर उघडली. टिंब खरंच झुडपांत होतं. प्रत्येक टिंबाचा इतिहास तिथे बघता येतो. कुणी, कधी, काय बदललं. तिने तो उघडला.

पहिल्या दिवशी टिंब अगदी खडकाला टेकून होतं, जिथे हवं तिथे. पुढची नोंद पाणक्याची. बदल काय, तर टिंब केसभर सरकवलेलं. त्यापुढची पाणक्याची, परत केसभर. वसंतात, उन्हाळ्यात, पानगळीत. प्रत्येक नोंदीसोबत, नकाशावर न दिसणारी, फक्त इतिहासात राहणारी एक ओळ: 'तोटीला पाणी आहे.' 'पाणी बारीक.' 'डोणी साफ केली.' 'बर्फ होतं, तरी पाणी आहे.'

तिला कळायला वेळ लागला नाही. बदल नसेल तर यंत्र साठवून घेत नव्हतं. म्हणून बाबा जाऊन आल्यावर टिंब चिमूटभर सरकवत, तेवढ्याने यंत्राचं समाधान होई, आणि आज पाणी आहे ही बातमी नोंदीसोबत आत जाई. दर खेपेला केसभर. आणि केसाला केस जोडत ती दगडी पाणपोई इतक्या वर्षांत अख्खा रस्ता ओलांडून पलीकडच्या काट्यांत जाऊन उभी राहिली होती.

इव्हेलिना हसायला लागली. मितकाकाकू भांडी घासता घासता दारात येऊन उभ्या राहिल्या. पोरीला वेडबिड लागलं की काय या नजरेने त्यांनी पाहिलं.

"काय झालं गं?"

"काकू, बाबांनी पाणपोई रस्त्यापलीकडे चालवत नेली."

"एकट्याने?"

"एकट्याने."

"त्यांचा भरवसा नव्हताच कधी," काकू म्हणाल्या आणि पदरासारख्या लांब एप्रनला हात पुसत तिच्या शेजारी बसल्या. इव्हेलिना अजून हसत होती, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या छातीवरचं काहीतरी जरा बाजूला झालं होतं. त्या चुकीबद्दल तिला कृतज्ञ वाटत होतं. त्यांनी ती केली नसती, तर ते किती वेळा तो डोंगर चढले याचा मागमूसही उरला नसता. ती मात्र वर्षानुवर्षं दर फोनवर विचारत आली होती, 'आज काय केलंत?' आणि ते म्हणत, 'काही नाही, फिरून आलो.'

मग तिच्यातली कारागीर जागी झाली. जी युक्ती एका माणसाला सुचते ती दुसऱ्यालाही सुचलेली असते. तिने नकाशात अशी टिंबं शोधायला घेतली, जी एकाच माणसाच्या हाताने परत परत, केसभर सरकली आहेत. दोन दिवसांत ती सापडत गेली. ग्रीसच्या डोंगरांत एक बाई छोटी प्रार्थनाघरं सरकवत होत्या. स्लोव्हेनियात कुणी डोंगरावरची आसऱ्याची झोपडी सरकवत होता. ती आता दरीच्या कडेला लोंबकळत होती. सिसिलीत एक बाक समुद्राकडे निघाला होता. तिने त्या सगळ्यांना लिहिलं, असं का करता म्हणून. ग्रीक बाईंचं उत्तर लगेच आलं. 'मुली, देऊळ चालत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण आज दार उघडं होतं आणि आत दिवा होता हे तुमच्या यंत्राला मी दुसरं कसं सांगू?'

*

गुरुवारी तिने ते सगळं पडद्यावर मांडलं. आधी प्रार्थनाघर दाखवलं, मग झोपडी, मग बाक. सर्वांत शेवटी पाणपोई, वर्षांमागून वर्षं, टिंबामागून टिंब, रस्ता ओलांडताना.

नेझाने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा, ती चालत निघालीय!"

"आणि त्या झोपडीला आधी वाचवा," कुणीतरी म्हणालं. "पडेल आता."

बोगुमिल हसला नाही. "ही माणसं बेपर्वा नाहीत," तो म्हणाला. "उलट सगळ्यांत जास्त काळजी घेणारी आहेत. आपण त्यांना सांगायला दारच ठेवलं नाही, म्हणून ती भिंत सरकवतायत." त्याने यादी उघडली आणि शेवटच्या ओळीचा राखाडी रंग काढला. "हे बटण पहिलं बांधायचं. कुणाचं दुमत?"

कुणाचं नव्हतं. इव्हेलिनाने टेबलाखाली हात घट्ट धरले. झालं, बाबा. तुमच्या म्हणण्यात दम होता.

"पाणक्याला कळवायला हवं," नेझा म्हणाली. "खरं तर आपण त्याचे आभार मानायला हवेत, नव्या आवृत्तीच्या घोषणेत, नाव घेऊन. इव्हेलिना, तो तुझ्याच देशातला ना? त्याच्या भाषेत चार ओळी लिही. आणि मला खरंच जाणून घ्यायचंय, कोण आहे हा माणूस? मी कल्पनेत त्याला मिशा लावल्यात."

"मिशा नव्हत्या," इव्हेलिना म्हणाली.

नेझाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं थांबलेलं. "नव्हत्या?"

आता अडवायला काही उरलं नव्हतं. बटण गुणांवर पास झालं होतं. बाबांची अट संपली होती, आणि त्या अटीमागे लपून राहायची तिची सोयही.

"तो लिहिणार नाही आता. सप्टेंबरात गेला. मी रजेवर होते ती त्याच्यासाठीच," ती म्हणाली. मग तिने ते वाक्य नीट, सगळ्यांना कळेल असं म्हटलं. "पाणक्या माझे बाबा होते."

बोगुमिलने डोळ्यांवरून हात फिरवला.

"अगं, आम्ही किती हसलो त्यांना," नेझा म्हणाली. "दर आठवड्याला."

"हसलात म्हणून बरं. तुम्ही त्यांची प्रत्येक ओळ वाचायचात. गावात त्यांचं एवढं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. मीही दर वेळी ऐकलं नाही." इव्हेलिना म्हणाली. "तुमचे सगळ्यांचे आभार मानायचे होते. ते मी त्यांच्या वतीने मानते. त्यांना स्वतःला जमलं नसतं, ते 'काम करा' म्हणाले असते."

पलीकडे कुणीतरी हुंदक्यासारखं हसलं.

"नाव काय त्यांचं?" बोगुमिलने विचारलं. "घोषणेत लिहायला."

"लाचेझार. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे." ती थांबली. पडद्यावर ते सगळे चेहरे आपापल्या खिडकीत तिच्याकडे पाहत होते. "तुम्ही त्यांच्या तक्रारी वाचायला लागलात की मी हसायचे, आणि आतून मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. प्रत्येक वेळी. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. बाबा, मला तुमचा फार अभिमान होता."